दिवा दोन दिवसांचा, भाव आठशे ग्रॅमचा

ताई,
आमचं घर जुन्या नाशकात, तांबट लेनजवळ. पणजोबांपासून तांब्याचं काम. आता भट्टीवर बाबा, काका आणि एक जुना कारागीर. मी बी.कॉम. करून अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, सुट्टीच्या दिवशी दुकानात बसते. बाबांच्या मठारकामाचे, म्हणजे तांब्यावर हातोडीचे ठोके पाडण्याचे, व्हिडिओ मी इन्स्टाग्रामवर टाकले, ते बघून मुंबईच्या एका डिझायनर बाईंचा फोन आला. त्यांना तांब्याचे टांगायचे दिवे हवेत. त्यांचं म्हणणं, आधी सहा नमुने पाठवा, पसंत पडले तर ऑर्डर देऊ, नगाला चौदाशे रुपये, आणि तांब्याचे दिवे तुम्ही दुसऱ्या कुणाला करायचे नाहीत. बाबांनी एक करून बघितला. आठशे ग्रॅमचा झाला, दोन दिवस गेले. आम्ही भांडी किलोवर विकतो, मजुरी किलोमागे चारशे धरतो, त्या मानाने चौदाशे चांगलेच वाटतात. शिवाय मुंबईच्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळतोय, तीन दिवसांचं भाडं पस्तीस हजार. बाबा म्हणतात, "आपण भांडी करतो, शोपीस नाही." काका म्हणतात, सिंहस्थ आलाय, तांबे आणि कलश करून ठेवू. मला भीती वाटते की ही संधी सोडली तर आमचं काम बाबांबरोबरच संपेल. बाबांना पटवू कशी? आणि आधी काय धरू, डिझायनर की प्रदर्शन?
– तांबटाची लेक

तांबटाच्या लेकी,

तू अकाउंट्सला आहेस हे वाचून बरं वाटलं. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि नेमका तोच तू विचारलेला नाहीस. कंपनीत दुसऱ्याच्या मालाची कॉस्टिंग शीट बघत असशील, घरच्या दिव्याची एकदा मांड. आकडे मी गोल धरते, तू तुमचे घाल.

पत्रा हजार रुपये किलो धरू. आठशे ग्रॅमचे आठशे. किलोला चारशेनं मजुरी तीनशे वीस. झाले अकराशे वीस. त्यावर बाई चौदाशे देतायत, म्हणजे वरचे दोनशे ऐंशी नफा. तुला चौदाशे "चांगलेच" वाटले ते या हिशेबानं.

आता दुसऱ्या बाजूनं मांड. दोन दिवस बाबांचे. चाळीसेक वर्षं हातोडी धरलेल्या माणसाचा दिवस नऊशे रुपयांना धरला, तरी अठराशे. (नऊशेसुद्धा मी संकोचानं लिहिते आहे. फरशी बसवणारा मिस्त्री याच्या वर मागतो आणि आपण निमूट देतो.) तांबं आठशे. गोल कापल्यावर जे तुकडे उरतात ते मोडीच्या भावानं जातात, त्याची तूट शंभर. भट्टीचं जळण, ॲसिड, उजळा यांचे दीडशे. दिवा चेपू नये म्हणून खोका आणि भरण, आणखी दीडशे. बेरीज तीन हजार. चौदाशेला एक दिवा दिलास की सोळाशे रुपये पदरचे गेले. ऑर्डर जितकी मोठी तितका खड्डा खोल. आणि सहा नमुने फुकट पाठवलेस तर अठरा हजार रुपये तू त्या बाईंना भेट दिलेस, वर कुरिअर.

हे घडतं कारण तुमचं घर माल वजनावर विकतं. तुमचंच नाही, सगळा भांडी बाजार असाच चालतो, आणि भांड्यांसाठी त्यात काही वावगंही नव्हतं. घंगाळं, हंडा, बंब या वस्तू घरात धातूची ठेव म्हणून यायच्या. नड आली की मोडीत घालायच्या. गिऱ्हाईक तांबं विकत घ्यायचं, घडवणं त्यात आलंच. पण या पद्धतीत कारागिरीवर उलटा दंड बसतो. बाबांना विचार, ते सांगतील. ठोके पडत जातात तसं तांबं कडक होत जातं, मग भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं, आणि शेवटचा मठार पडला की पातळ पत्र्याचं भांडंही ताठ उभं राहतं. म्हणजे हात जितका चांगला तितकं कमी धातूत काम भागतं. किलोचा काटा मात्र धातूच मोजतो. चांगला तांबट हलकं भांडं करतो आणि हलक्या भांड्याचे कमी पैसे घेतो! प्रेसमधून निघालेला तांब्या आणि तुमच्या घरचा तांब्या एकाच काट्यावर बसतात, आणि तिथे तुम्ही हरणारच, कारण मशीन मिनिटात काढतं.

डिझायनर आणि प्रदर्शन या दोन्ही गोष्टी नगावर विकणाऱ्याच्या उपयोगाच्या आहेत. वजनावर विकणारा तिथे गेला तर जास्त माल तोट्यात खपवून परत येतो. म्हणून आधी डिझायनर की प्रदर्शन, या प्रश्नाच्या आधी एक काम आहे. महिनाभर भट्टीपाशी एक फळा लाव. कोणती वस्तू, कुणी हात लावला, किती तास, किती वेळा भट्टीत गेली, एवढंच लिहायचं. महिन्याच्या शेवटी तुमच्या प्रत्येक वस्तूची खरी किंमत तुझ्या हातात असेल. त्यातल्या काही वस्तू किलोवरच विकाव्यात असं निघेल, खुशाल विका. काहींचा किलोशी संबंध तोडावा लागेल.

आता बाबा. त्यांना पटवण्याची भाषा तू सोडून द्यावीस असं मला वाटतं. "आपण भांडी करतो, शोपीस नाही" हा हट्ट नाही, धंद्याचा निर्णय आहे. भांड्याचं गिऱ्हाईक रोख देतं, आठवड्यानं वस्तू परत घेऊन येत नाही, फोटोत रंग वेगळा होता म्हणत नाही. शोपीसचं गिऱ्हाईक यातलं सगळं करतं. बाबांनी दोन दिवस बसून एक दिवा करून बघितला, याचा अर्थ त्यांचं कुतूहल जागं आहे. त्या दोन दिवसांत त्यांना काय दिसलं ते विचारलंस का? गळा अरुंद असेल तर आत हातोडी फिरत नाही, मग दोन भाग करून झाळावे लागतात, सांध्याची रेघ दिसते. काठ फार पातळ ठेवला तर प्रवासात वाकतो. कागदावर रेघ मारणाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि ठाऊक करून देणं हेच बाबांचं त्या सौद्यातलं काम आहे. डिझायनर बाई नाशिकला येतील तेव्हा त्यांना तुझ्याशी हॉटेलात नाही, बाबांशी भट्टीपाशी बोलू दे. दोन दिवसांचा दिवा एका दिवसात बसेल असा घाट त्या दोघांनी मिळून काढला, तर किंमत आपोआप आवाक्यात येते. चित्र पाठवून माल मागवण्याला मी सहयोग म्हणत नाही, ती जॉबवर्कची ऑर्डर असते. तीही घ्यावी, पण जॉबवर्कच्या दरानं.

पुण्याच्या तांबट आळीचं उदाहरण तुझ्या कामाचं आहे. बंब-घंगाळ्यांची मागणी आटली तेव्हा तिथल्या कारागिरांबरोबर इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेनं काम सुरू केलं, डिझायनर आणले, आणि मठाराचा ठोका हीच वस्तूची ओळख करून नवे घाट काढले. जुनं हत्यार आणि जुना हात तोच ठेवून वस्तू बदलली, आणि ती वजनाऐवजी नगावर विकली. उलट बाजूचं उदाहरण अमृतसरजवळच्या जंडियाला गुरूचं. तिथल्या ठठेऱ्यांच्या भांडी घडवण्याच्या कलेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. मान मोठा, पण यादी काही पातेलं विकत घेत नाही. पुढे दिल्लीतल्या एका कॉलेजची मुलं विक्री, पॅकिंग, किंमत या रुक्ष गोष्टींना भिडली, तेव्हा मालाला वाट फुटली. तुमच्या घरात ती रुक्ष बाजू सांभाळणारं माणूस आहे, आणि ते हे पत्र वाचतंय.

डिझायनर बाईंच्या अटींकडे येते. बाई वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्या फक्त अंदाज घेतायत, तुम्ही कितपत मान्य करता त्याचा. बहुतेक डिझायनर पहिल्या फोनला असंच बोलतात, आणि समोरून नीट उत्तर आलं की नीट वागतात.

नमुना पैशानंच. नमुना ही अख्ख्या ऑर्डरमधली सगळ्यात महाग वस्तू असते, कारण सगळ्या चुका त्यात होतात. सहाऐवजी दोन कर, पुढच्या नगाच्या दरापेक्षा जास्त लाव, आणि ऑर्डर आली तर तेवढी रक्कम पहिल्या बिलातून वजा कर. यावर ज्या बाई फोन ठेवतील त्यांच्याकडून पुढेही वसुली झाली नसती.

"दुसऱ्या कुणाला दिवे करायचे नाहीत" ही अट जशीच्या तशी मान्य करू नकोस. तिचे तीन तुकडे पाड. त्यांनी काढलेला विशिष्ट घाट फक्त त्यांना, हे रास्त आहे. तेही मुदतीनं, आणि वर्षाला ठरावीक नगांची ऑर्डर आली तरच. तुमच्या घरात आधीपासून असलेले घाट, म्हणजे कमंडलूचा, घंगाळ्याचा, पंचपात्रीचा, हे कुणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत, ते तुम्ही करत राहणार, आणि त्यावरून दिवा केला तरी तो तुमचा. तिसरा तुकडा म्हणजे तांब्याचे दिवे ही सगळी जातच त्यांना देणं, त्याला सरळ नाही म्हण.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगते, कारण तुझा हात इन्स्टाग्रामवर सैल आहे. डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली वस्तूच्या घाटाची नोंदणी होते, दहा वर्षं संरक्षण मिळतं आणि पुढे पाच वर्षं वाढवता येतं. एकट्या माणसासाठी फी हजार रुपयांच्या घरात आहे. पण घाट नवा हवा, आणि अर्ज करण्याआधी तो लोकांसमोर आला तर तो नवा उरत नाही. प्रदर्शनातला स्टॉल, व्हिडिओ, सगळं त्यात आलं. प्रदर्शनांसाठी कायद्यात एक सवलत आहे, पण ती सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि आधी कळवलं तरच, त्यावर विसंबू नकोस. म्हणजे क्रम असा: बाबांनी स्वतः नवीन घाट काढला असेल तर आधी अर्ज, मग फोटो. आणि पैसे देऊन करून घेतलेलं डिझाइन कायद्यात करून घेणाऱ्याचं धरलं जातं, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणून कोणती रेघ कुणाची हे पहिल्या दिवशीच लिहून घ्यायचं.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते तुला आठवत असेल. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं होतं. जीआय नावाचं आणि प्रदेशाचं रक्षण करतं, तुमच्या दिव्याच्या रेघेचं नाही. नाशिकच्या तांब्याला उद्या जीआय मिळालं तरी वर सांगितलेला घाटाच्या नोंदणीचा कागद लागेलच.

पैशांचं: निम्मी रक्कम आगाऊ, कारण पत्रा तुम्ही रोखीनं आणता. तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून कोटेशनवर लिही की हा दर पंधरा दिवस चालेल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर या आठवड्यात कर, फुकट आहे. त्यानंतर २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार मिळतो: लेखी करार असला तरी माल घेणाऱ्याला पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर पंधरा दिवसांत, उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कोर्टकचेरी कर म्हणून सांगत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला दिसला की समोरच्याचा अकाउंटंट तुमचं बिल ढिगाच्या तळाशी सरकवत नाही, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस.

आणि नाव. कारागिराच्या हातांचे जवळून काढलेले फोटो कॅटलॉगभर छापायचे आणि खाली फक्त डिझायनरचं नाव टाकायचं, या प्रकाराचा मला मनापासून कंटाळा आला आहे. दिव्याच्या टॅगवर "घडवणारे" म्हणून बाबांचं, काकांचं आणि त्या जुन्या कारागिराचंही नाव, पुढे "जुनं नाशिक". ही अट मोफत आहे, म्हणून बहुधा पटकन मान्य होते.

प्रदर्शनाचं थोडक्यात. पस्तीस हजार भाडं, तिघांचा प्रवास, राहणं, टेम्पो, कार्ड मशीन, सगळं धरून अठ्ठेचाळीस हजारांच्या घरात जाईल. वस्तू घडवण्याचा खर्च वजा जाता नगामागे सहाशे सुटत असतील, तर ऐंशी नग विकल्यावर तू शून्यावर येतेस. फळ्यावरचे तास बघून सांग, ऐंशी नग तयार कधी होतील? यंदा हे प्रदर्शन सोड.

त्याऐवजी बाबांचं आणि काकांचं पहचान कार्ड काढ. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून कारागिराला मिळतं ते ओळखपत्र. गांधी शिल्प बाजारसारख्या त्यांच्या मेळ्यांत स्टॉल त्यावर मिळतात, आणि खाजगी प्रदर्शनाएवढं भाडं अंगावर येत नाही. तोवर गावातच एक छोटं मांड. कुसुमाग्रज स्मारकात किंवा गंगापूर रोडला एखाद्या ओळखीच्या दुकानात, पंधरा-वीसच वस्तू, प्रत्येकीवर किंमत आणि तास दोन्ही लिहिलेले. पहिल्या प्रदर्शनाकडून विक्रीची आशा ठेवू नकोस. लोक कोणती वस्तू उचलून बघतात आणि किंमत वाचून कोणती खाली ठेवतात, एवढं वहीत लिहून आण.

याहून चांगलं प्रदर्शन तुमच्या घराखाली आहे. येवल्याला मुंबई-पुण्याची माणसं गाडी करून पैठणी घ्यायला जातात, कारण तिथे माग समोर चालताना दिसतो आणि हातमाग-यंत्रमागातला फरक सांगावा लागत नाही. तुमची भट्टी तर रामकुंडापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शनिवारी सकाळी दोन तास, आठ-दहा माणसं, माणशी तिकीट, बाबा एक वाटी घडवून दाखवणार. दुसरं गिऱ्हाईक गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. वाइनरी आणि रिसॉर्टवाल्यांना मुंबईच्या पाहुण्यांसमोर नाशिकचं काहीतरी ठेवायचं असतं. बाटली थंड ठेवायची बर्फाची बादली, खोलीतला पाण्याचा तांब्या, व्हरांड्यातला दिवा, हे करा. तांब्याचे वाइन पिण्याचे पेले मात्र मागितले तरी करू नका. आंबट पदार्थ तांब्याला खातो आणि ते पोटात जातं. हे नाही म्हणणं बाबांना सोपं जाईल, कल्हईशिवाय ताक सुद्धा कुणी तांब्यात ठेवत नाही हे त्यांना सांगायला नको.

वस्तूबरोबर एक चिठ्ठी घाल: तांबं काळवंडणार, तो दोष नाही, चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं घासा. दिव्यावर लॅकर मारलेला असेल तर घासू नका. पाण्याच्या भांड्याला आतून लॅकर कधीच नाही. परतीचे निम्मे फोन यानं वाचतील.

काकांचं सिंहस्थाचं म्हणणं मला पूर्ण पटतं. २०२७ च्या पावसाळ्यात पर्वण्या आहेत, गोदावरीचं पाणी घरी न्यायला माणसाला तांब्या लागणारच. हा किलोचा धंदा आहे, मशीनच्या मालाशी स्पर्धा आहे, पण रोख आहे, आणि त्या रोखीवर दिव्याचे प्रयोग होतील. फक्त त्या काळात डिझायनरला डिलिव्हरीची तारीख देऊ नका. दोन्ही कामं त्याच तीन माणसांच्या हातून व्हायची आहेत.

आता त्या बाईंना उत्तर काय द्यायचं. नोकरी सोडू नकोस, घाई करू नकोस, आणि फोनवर बोलण्याआधी हा निरोप पाठव. बाबांना वाचून दाखव, त्यांना एखादी ओळ बदलावीशी वाटली तर बदल:

"नमस्कार. तुमचं दिव्यांचं काम करायला आम्हाला आवडेल. आमच्याकडे एक दिवा करून बघितला, दोन दिवस लागले. या घाटात नगाची किंमत साडेतीन हजार पडते. तुम्ही एकदा नाशिकला आलात तर माझे वडील आणि तुम्ही बसून एका दिवसात होईल असा घाट काढता येईल, मग किंमतही खाली येईल. दोन नमुने करून देऊ, त्याचे दहा हजार आगाऊ, ऑर्डर झाल्यास पहिल्या बिलातून वजा. तुमचा घाट आम्ही दुसऱ्या कुणाला करणार नाही, आमचे जुने घाट आमच्याकडेच राहतील. सोमवारी भट्टी बंद असते, बाकी कधीही या."